पोटखराब

लातूरहून पहाटेची गाडी, बार्शीला चहा,
पुढं खिडकीतून ज्वारी, ज्वारी, मग ऊस,
परांडा मागं पडल्यावर एकदम काहीच नाही.
ते काहीच नाही बघायला मी आलो होतो.

पिशवीत जावयाची दुर्बीण, दोन दशम्या, शेंगाची चटणी,
आणि पाखरांचं पुस्तक, ज्यातलं एकच पान
उघडून उघडून सैल झालंय.

सोनारीच्या फाट्यावर सुरमाबाई काळे उभी होती.
"वनखात्याचे हाव का?"
"नाही. मोजणीखात्याचा. रिटायर."
"मग आता काय मोजूलालाव?"

तिचा बाप फासे लावायचा तित्तराला, लाव्याला;
आवाज काढून बोलवायचा, आला की धरायचा.
ती आवाज काढते, बोलावते,
धरत नाही. दिवसाचे पाचशे, आगाऊ.
नोटा मोजून तिनं पदराच्या गाठीत बांधल्या.

मारवेल. पवन्या. कुसळी.
गवताला ती नावानं हाक मारत चालली होती
आणि मी मागून, मोज्यांत कुसळं भरून घेत.
धाविक दिसले, चार, पळत थांबत पळत.
एक खोकड बिळाच्या तोंडाशी बसलेलं,
आमच्याकडं बघून कंटाळलं आणि आत गेलं.
लांबवर पवनचक्क्या, आणि त्यांच्यातून निघालेल्या तारा,
ज्यांच्याकडं सुरमाबाई बघत नव्हती.

सन अठ्ठ्याऐंशी. हाच माळ, नाहीतर शेजारचा.
शिपाई साखळी ओढत होता, मी नोंद घेत होतो
आणि एक पक्षी, बोकडाएवढा, काळी टोपी,
भांडण मिटवायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा
मान ताठ ठेवून आमची साखळी ओलांडून गेला.
शिपाई थांबला. मी म्हणालो, ओढ.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.
क्षेत्र लिहिलं, आकार लिहिला,
जिथं पीक येत नाही तिथं लिहायचं ते लिहिलं:
पोटखराब.
सही. शिक्का.

तीस वर्षं हा शब्द लिहिला मी
माळावर, ओढ्यावर, खडकावर,
एकदाही विचारलं नाही,
कुणाचं पोट.

ऊन डोक्यावर आल्यावर ती एका दगडाशी टेकली,
गळा फुगवला, आणि रिकाम्या रांजणात
कुणी हाक मारावी तसा आवाज काढला: हूम.
थांबली. परत, हूम.
माळानं ऐकून घेतलं.
कुठंतरी एका ट्रॅक्टरनं उत्तर दिलं.

"आज्याच्या टायमाला लई हुते. बापाच्या टायमाला मोजके.
मी निस्ता ऐकलाय.
पोरायला आता मीच करून दावते."

पाझर तलावाच्या कडेला, सुकत आलेल्या चिखलात,
तिनं बोट केलं.
तीन बोटं पुढं. मागं काही नाही.
"मोराला मागं बोट असतंय. ह्याला नसतंय."
"करवानक असेल," मी म्हणालो, फसायला नको म्हणून.
"येवढा करवानक? मग न्या घरी, कोंबड्यांत सोडा."

खिशातला टेप आपोआप बाहेर आला.
मोजला. दोनदा मोजला.
आकडा सांगणार नाही.

मी उठेपर्यंत तिनं टाच टेकवली
आणि तो ठसा गोल फिरवून पुसून टाकला.
"अहो!" मी ओरडलो.
"उद्या गाड्या येतेत," ती म्हणाली. "फोटूवाले."
मग पुढचा पुसला. त्याच्या पुढचा.
हद्दीचे दगड रोवण्यात माझी नोकरी गेली;
खूण जपायची म्हणून कुणी पुसतंय,
हे बघायला मला एकाहत्तरावं वर्ष लागलं.
एक ठसा राहिला होता, पाण्याला लागून.
त्यावर मी पाय ठेवला.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला,
"दुर्बीण घेऊन कुठं? काय दिसलं का?"
"काही नाही," मी म्हणालो,
आणि बार्शी येईपर्यंत
मोज्यांतली कुसळं काढत बसलो.